पहिल्या मजल्यावरचा दुधी

साडूने वांगी पाठवली, त्या रविवारी काटेसाहेबांनी ती वजन करून परत पाठवली.

वांग्यांत खोट नव्हती. खोट चिठ्ठीत होती. साडूचं शहराबाहेर घर होतं, घराभोवती जमीन होती आणि जमिनीपेक्षा मोठा आवाज होता. दर रविवारी त्याची गाडी यायची, भाजीची पिशवी दारात टेकवून जायची आणि पिशवीत चिठ्ठी असायची : ‘घरची आहे. औषध नाही, खत नाही, निव्वळ प्रेम. दोन किलो.’ प्रेमाबद्दल काटेसाहेबांचं काही म्हणणं नव्हतं. पण वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस ‘दोन किलो’ हे शब्द वाचून गप्प बसेल तरी कसा? वांगी भरली एक किलो आठशे चाळीस. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे वस्तुस्थिती लिहिली, तारीख घातली, सही केली आणि गाडी वळते आहे तोवर पिशवी परत आत ठेवली.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. सोसायटीतल्या लोकांनी त्यांच्या नोकरीवरून ते ठेवलं होतं आणि खरं आडनाव आता फक्त टपालावर उरलं होतं.

संध्याकाळी बायकोच्या बहिणीचा फोन आला. ती आधी थोडं रडली, मग बरंच बोलली, आणि मग तिच्या हातातून साडूने फोन घेतला. आमची वांगी तुम्हाला हलकी वाटतात, हरकत नाही, म्हणाला, आता तुमच्याच बागेतलं जेवायला येतो. कधी येऊ ते सांगा.

काटेसाहेबांना बाग नव्हती. तळमजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघरामागे, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, चार हात रुंदीची एक पट्टी होती आणि तिथे तुटक्या फरशा होत्या. पण त्या क्षणी ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते. वर्ष संपायला तेरा रविवार राहिले होते.

“तेराव्या रविवारी या,” ते म्हणाले. “ताटातली भाजी माझ्या हातची असेल. नसली तर यापुढे तुम्ही पाठवाल ते मुकाट्याने घेईन, आणि चिठ्ठीवर लिहाल ते वजन मान्य करीन.”

बायकोच्या हातातला कप तसाच राहिला. तिने नवऱ्याला पुष्कळदा रागावलेलं पाहिलं होतं, पण न तपासलेलं वजन मान्य करायची भाषा त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती एवढंच म्हणाली, की आधी माती तरी बघायची होती.

माती दुसऱ्या दिवशी बघितली. फरशा उचलल्यावर खाली विटा निघाल्या, विटांखाली इमारत बांधताना कुणीतरी पुरलेला वॉशबेसिनचा अर्धा भाग निघाला आणि त्याच्याखाली, लाजत लाजत, माती निघाली. काटेसाहेबांनी ती चाळली. मग दोरी बांधून वाफे आखले. बियांच्या पाकिटावर ‘दीड सेंटिमीटर खोल’ असं लिहिलेलं होतं. सामान्य माणूस अशा वेळी बोटाने टोकतो. काटेसाहेबांनी पट्टी घेतली आणि एकशे वीस भोकं मोजून पाडली. पालक, टोमॅटो, मिरची, काकडी, आणि कोपऱ्यात, भिंतीलगत, दुधीच्या दोन बिया. दुकानदाराने त्या दुधीच्या बिया नुसत्या हातावर टेकवल्या होत्या. त्यांना पाकीट नव्हतं, त्यामुळे सूचना नव्हत्या, त्यामुळे काटेसाहेबांचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता.

बाग केली की आपल्याला किती शेजारी आहेत ते कळतं. तिसऱ्या मजल्यावरचे कंपाउंडर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण औषध द्यायची हाताची सवय सुटली नव्हती. टोमॅटोची रोपं फिकट दिसली तेव्हा त्यांनी अशक्तपणाचं निदान केलं आणि जुन्या साठ्यातल्या लोहाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून दिवसातून तीनदा द्यायला सांगितल्या. काटेसाहेबांनी दिल्या, वेळ पाळून. पाचव्या दिवशी टोमॅटो काळे पडले. कंपाउंडरांनी खाली येऊन एकेक रोप पाहिलं, आणि आजार आपल्याकडे उशिरा आणला गेला, असं म्हणून ते वर गेले.

समोरच्या इमारतीतल्या शिकवणीवाल्या बाईंचा सल्ला वेगळा होता. रोपांशी बोलावं लागतं, त्या म्हणाल्या, माया लावावी लागते. माझी तुकतुकीत मनी प्लांटं बघा. काटेसाहेबांना एकांतात काय बोलावं ते सुचेना. बायकोशीसुद्धा ते गरजेपुरतंच बोलत. शेवटी त्यांनी मिरचीसमोर उभं राहून, सौम्य आवाजात, तिने पंधरा दिवसांत वाढ दाखवली नाही तर काय कारवाई होऊ शकते ते सांगितलं. मिरचीने पानं गाळली. काकडी मात्र उगवलीच नाही, त्यामुळे तिच्याशी काय बोलायचं हा प्रश्न आला नाही.

पालक छान उगवला होता. तो सोसायटीची झाडलोट करणाऱ्या मावशींनी एका सकाळी साफ करून टाकला. त्यांचा दोष म्हणता येत नाही. गेली आठ वर्षं त्या पट्टीवर हिरवं काही दिसलं की उपटायचं, असंच त्यांना सांगितलेलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा ते एका रांगेत उगवलं होतं, त्यामुळे उपटणं सोपं गेलं, असं त्या म्हणाल्या.

राहिला दुधी. दोनांपैकी एकच वेल जगली, पण ती जगली म्हणजे अशी, की बाकीच्यांचंही तिनेच जगून घेतलं. पाचव्या आठवड्यात तिने भिंत धरली, सहाव्यात पावसाळी नळ, आणि सातव्यात ती पहिल्या मजल्याच्या पुढे गेली. पांढरी फुलं आली. फुलांच्या मागे बोटभर दुधी दिसू लागले. काटेसाहेबांनी त्या दिवशी बायकोला बाहेर बोलावून ते दाखवले. ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “बाई, किती गोड आहेत.” काटेसाहेबांनी कौतुक ऐकून घेतलं. पण गोड म्हणजे किती, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला.

दुसऱ्या दिवसापासून ते वजन करू लागले.

त्यांच्याकडे स्प्रिंगचा एक छोटा काटा होता, आकडा लावून टांगायचा. दुधीला दोऱ्याचा अलगद फास घालायचा, फास आकड्यात अडकवायचा, काटा वर उचलायचा, वजन वाचायचं, वहीत मांडायचं. वेलीवरून न तोडता. रोज सकाळी आठ वाजता, कारण वेळ बदलली तर तुलना होत नाही. पहिल्या दुधीची नोंद सांगते : सोमवार बावीस ग्रॅम, मंगळवार सव्वीस ग्रॅम, बुधवार पिवळा, गुरुवार जमिनीवर. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. अकरा दुधी आले आणि अकरा गेले, आणि वहीत त्यांची नोंद इतकी व्यवस्थित होती की कुठल्याही तपासणीत ती मान्य झाली असती.

कंपाउंडर म्हणाले, चुना कमी पडतोय. शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नसतं, गळतं. काटेसाहेबांनी त्यांना शांतपणे सांगितलं की आपण एकदाही बोट दाखवलेलं नाही. ते खरं होतं.

त्यांचा संशय वर गेला. बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, सोसायटीचे सेक्रेटरी राहत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या नळीतून साबणाचं पाणी वेलीवर गळत असणार, असं ठरवून काटेसाहेबांनी त्यांना लेखी कळवलं. सेक्रेटरींचं उत्तर तीन दिवसांत आलं आणि त्यात साबणाचा उल्लेखच नव्हता. सामायिक जमिनीवर विनापरवानगी लागवड केल्याबद्दल ती नोटीस होती. काटेसाहेबांनी नोटीस दोनदा वाचली. मसुदा चांगला होता. तेवढ्यानेच त्यांना जास्त राग आला.

त्याच संध्याकाळी ते मागच्या पट्टीवर उभे राहून, साबणाच्या पाण्याचा पुरावा शोधायला वर बघत होते आणि त्यांना तो दिसला. सेक्रेटरींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेर आलेली लोखंडी जाळी होती, डब्यासारखी. वेलीचा एक फाटा त्या जाळीत शिरला होता आणि आत, डबे आणि बरण्यांच्या शेजारी, वीतभर लांबीचा एक दुधी निवांत लोंबत होता. बारावा. त्याचं नाव वहीत नव्हतं.

काटेसाहेबांनी बोटांवर दिवस मोजले. तेराव्या रविवारला चार आठवडे राहिले होते. आता नवीन फूल धरून दुधी होईल याचा भरवसा नव्हता. जे काही होतं ते हे, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता सेक्रेटरींच्या दारातून जात होता.

दारावर जाऊन मागून आणणं हा एक मार्ग होता. तो बायकोने सुचवला. पण ज्या माणसाने आपल्याला नोटीस दिली त्याच्याकडे भाजी मागायला जायचं, हे काटेसाहेबांच्या स्वभावात बसेना. त्यांनी अर्ज केला. ‘विषय : आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आढळून आलेला माझा दुधी ताब्यात मिळणेबाबत.’

उत्तर आलं. सदर दुधी सेक्रेटरींच्या जागेत कोणाच्याही निमंत्रणाशिवाय आलेला असून त्याचं मूळ सामायिक जमिनीत आहे. सबब तो सोसायटीच्या मालकीचा ठरतो. व्यवस्थापक समितीच्या ठरावाशिवाय त्याची विल्हेवाट लावता येणार नाही. तोपर्यंत आम्ही त्याला हात लावणार नाही, आपणही लावू नये.

मग काटेसाहेबांनी गच्चीवरून ओळंबा सोडून सेक्रेटरींच्या जाळीचं माप घेतलं. ती परवानगीपेक्षा नऊ इंच बाहेर होती. म्हणजे दुधी सेक्रेटरींच्या घरात नव्हताच, अनधिकृत नऊ इंचांत होता. हा मुद्दा त्यांनी समितीला पाठवला. समितीपुढे आता दोन विषय झाले, आणि दोन विषय असले की बैठकीला चार सभासद लागतात, असा कुठलातरी नियम निघाला. एक सभासद मुलीकडे गेले होते. एकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिसरे कंपाउंडर, ते हजर होते, पण टोमॅटोंच्या प्रकरणात आपलं नाव आल्यामुळे तटस्थ राहणार होते.

आठवडे जात होते आणि दुधी वाढत होता. काटेसाहेब रोज खाली उभे राहून वर बघत. उघड्या डोळ्यांनी अंदाज येईना म्हणून त्यांनी माळ्यावरून जुनी दुर्बीण काढली. जाळीच्या दोन गजांतलं अंतर त्यांना माहीत होतं. दुधी किती गज व्यापतो ते दिसलं असतं तर लांबी काढता आली असती. हिशेब अगदी सरळ होता. पण सेक्रेटरींची बायको ओट्याशी उभी होती, तिने खाली पाहिलं, आणि तिला हिशेब दिसला नाही. तिला दुर्बीण लावलेला शेजारी दिसला.

तासाभरात त्या खिडकीला जाड पडदा लागला. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर, कोणाचंही नाव न घेता, सभासदांनी इतरांच्या घरातील खाजगीपणाचा आदर राखावा असं निवेदन आलं. नाव नसल्यामुळे सगळ्यांनी ते एकमेकांना विचारलं, आणि सगळ्यांना माहीत होतं. शिकवणीला येणाऱ्या मुली मागच्या बाजूने यायच्या, त्या पुढून येऊ लागल्या. कंपाउंडरांनी जिन्यात थांबवून, या वयात असं होतं, असं हलक्या आवाजात सांगितलं आणि एक गोळी सुचवली. काटेसाहेब घरी आले, खुर्चीत बसले आणि दोन दिवस बाहेर पडले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांच्या अंगावर दुकानदार धावून आले होते, एकदा तर एकाने वजनाचं माप फेकून मारलं होतं. पण कुणी सहानुभूती दाखवली नव्हती.

तेराव्या रविवारच्या आदल्या दिवशी मुलीकडे गेलेले सभासद परतले, डोळ्यावर पट्टी लावून दुसरेही आले, चार जण भरले आणि ठराव झाला. दुधी काटेसाहेबांना रविवारी सकाळी दहा वाजता, पोच घेऊन, सुपूर्द करण्यात यावा. वेल मात्र सामायिक जमिनीवरून त्याच दिवशी, दुपारी बाराच्या आत, पूर्णपणे काढून टाकावी. जाळीचा विषय पुढील बैठकीत.

रविवारी सकाळी काटेसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको विळी आणि टोपली घेऊन मागच्या दाराकडे निघाली होती. वेल मी काढते, तुम्ही वर जा, म्हणाली. ते दहाला पाच कमी असताना वर गेले आणि दहा वाजेपर्यंत दाराबाहेर थांबले.

सेक्रेटरींनी पोच दोन प्रतींत तयार ठेवली होती. दोघांनी सह्या केल्या. एकमेकांकडे न बघता दोघे स्वयंपाकघरात गेले, पडदा सारला, सेक्रेटरींनी सुरीने देठ कापला आणि दुधी काटेसाहेबांच्या हातांत दिला. तो हातभर लांब होता आणि भरगच्च जड होता. इतका की काटेसाहेबांना क्षणभर, खूप वर्षांनी, आपलं मूल पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते आठवलं. दोन्ही घरांच्या भांडणाचा त्यांना विसर पडला आणि ते सेक्रेटरींकडे बघून हसले. सेक्रेटरीही हसले, मग सावरले.

सेक्रेटरींच्या बायकोने मात्र पुढे येऊन, कुठलीही बाई करते तसं, दुधीच्या सालीवर नख रोवलं. नख गेलं नाही. तिने दुसरीकडे रोवून बघितलं. मग बोटाच्या पेराने ठोकलं. बंद दार ठोकावं तसा आवाज आला.

“जून झालाय हो,” ती म्हणाली. “तीन आठवड्यांपूर्वी लोण्यासारखा होता. मी यांना म्हणत होते, देऊन टाका. तर म्हणे, ठराव व्हायचाय.”

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघू लागले. काटेसाहेबांनी विचारलं, शिजणार नाहीच का. तिने मान हलवली. मग, त्यांचा चेहरा बघून असेल, किंवा इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर आलं असेल, ती पुढे म्हणाली, “एक विचारू का? तुम्ही खाली त्या बाळदुधींना रोज दोरीने टांगत होता ना? मी वरून बघायची. मला वाटायचं, सांगावं यांना, असं ओढून कसं टिकेल. पण आपलं बोलणं नव्हतं.”

काटेसाहेब जिना उतरले तेव्हा त्यांना पायऱ्या मोजायचं सुचलं नाही. अकरांची एकेक नोंद त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, आठ वाजल्याची वेळ टाकलेली. जिथे त्यांचा हात पोचला नाही, तेवढाच एक जगला होता. आणि तो कागदांनी म्हातारा केला होता, ज्यांतले निम्मे कागद त्यांनीच लिहिले होते.

मागची भिंत उघडी पडली होती. वेलीचा देठसुद्धा राहिला नव्हता. बायको न्हाणीघरात हात धूत होती. काटेसाहेबांनी दुधी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तिला सांगितलं की हा खायच्या उपयोगाचा नाही. ती बरं म्हणाली आणि त्यांनी शर्टाला लागलेला चीक पुसावा असं म्हणाली. स्वयंपाकाचं काय, हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही. बाजार कोपऱ्यावरच होता. तिने वेळेवर काही आणलंच असणार.

साडू बाराला आला. येताना त्याच्या हातात पिशवी नव्हती, आणि ती नाही हे दिसावं म्हणून तो हात जरा लांब धरून चालत होता. मेव्हणी आल्या आल्या बहिणीच्या गळ्यात पडली. साडूने दुधी पाहिला, त्याच्याभोवती एक फेरी मारली, नख लावलं.

“काय साडूभाऊ, हा खायचा की वाजवायचा?”

काटेसाहेबांनी बसा म्हटलं. ताटं वाढली गेली. बायकोने हिरवी भाजी वाढली, बारीक चिरून परतलेली, वाफ येत असलेली. साडू शब्दांवर शब्द रचत जेवत होता : आमच्याकडे दुधी असा, आमच्याकडे दुधी तसा. काटेसाहेब मान खाली घालून घासामागून घास घेत होते. शेवटी त्यांनी ताटावरून मान वर केली.

“मी जे बोललो होतो ते झालं नाही,” ते म्हणाले. “दुधी वेळेत काढला नाही. बाकीचे मी स्वतःच मारले, रोज वजन करून. ताटातली भाजी विकतची आहे. पुढच्या रविवारपासून तुमची पिशवी येऊ दे. चिठ्ठीवर असेल ते वजन मला मान्य आहे.”

साडूने या क्षणासाठी तेरा आठवडे काहीतरी तयार करून ठेवलं असणार; ते त्याच्या ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं. पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्याने ते गिळलं, आणि बोलायला काही न उरल्यामुळे आणखी थोडी भाजी वाढून घेतली.

“विकतची कोण म्हणालं?” बायको म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. ती काटेसाहेबांच्या ताटात भाजी वाढत होती.

“वेल काढायचीच होती. शेंडे इतके कोवळे होते, टोपली भरून निघाली कोवळ्या पानांची. माझी आई करायची दुधीच्या पानांची भाजी, हिला आठवत असेल. ठरावात दुधी कुणाचा ते लिहिलंय, पानं कुणाची ते लिहिलेलं नाही. तरी एक वाटी वर पाठवलीय मी. उगाच पुन्हा पत्र नको.”

मेव्हणीने घास तोंडात घोळवला आणि आईचं नाव ऐकून तिचे डोळे भरले. काटेसाहेबांनी ताटात पाहिलं. अर्धं ताट त्यांनी मान खाली घालून संपवलं होतं, आणि चव कशी होती ते त्यांना आठवेना. त्यांनी नव्याने एक घास घेतला. हळू चावला. मग बायकोकडे बघितलं, आणि ती ते बघणं पुरेसं मानून दुसऱ्यांना वाढायला वळली.

आता सगळे साडूकडे बघत होते. साडूने तिसऱ्यांदा भाजी घेतली होती, त्यामुळे त्याला फार बोलायला जागा नव्हती. त्याने सावकाश घास गिळला, पाणी प्यायलं, मिशी पुसली.

“मीठ जरा कमी आहे,” तो म्हणाला.

काटेसाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. मीठ विकतचं होतं. त्याच्याबद्दल साडूला काय म्हणायचं ते त्याने खुशाल म्हणावं.